कुलूप लावलेलं पान

नव्वदचं दशक संपत आलं होतं, तेव्हा मी जळगावात एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत कामाला होते. कंपनी म्हणजे औषधांच्या दुकानावरच्या दोन खोल्या, चार कॉम्प्युटर, एक मोडेम आणि फोनच्या बिलाची कायमची धास्ती. मालकांना आम्ही सर म्हणायचो. पुण्यातली नोकरी सोडून ते गावी परत आले होते आणि कापसाच्या जिनिंगवाल्यांना, पतसंस्थांना हिशोबाचे प्रोग्रॅम लिहून देत होते. ते काम कंटाळवाणं असलं तरी सरळ होतं. मी पिंप्राळ्याहून मोपेडवर यायची, डबा खायची, संध्याकाळी परत जायची. घरी आई विचारायची, आज काय केलंस? सांगण्यासारखं काही नसायचं, आणि त्यात मला सुख होतं.

मग सरांच्या एका वर्गमित्राच्या बायकोनं अमेरिकेत इंटरनेटवर दुकान काढलं. मसाले, पापड, लोणची, पूजेचं सामान, आणि मे महिन्यात आंब्याच्या रसाचे डबे. तिथल्या आपल्या लोकांनी घरबसल्या पान उघडायचं, हवं ते टोपलीत टाकायचं, माल घरपोच. त्या बाई मूळच्या जळगावच्याच. आम्ही त्यांना ताई म्हणायचो. दुकानाची पानं बनवायचं काम त्यांनी सरांना दिलं, आणि सरांनी ते माझ्याकडे आणि धुळ्याच्या नानांकडे सोपवलं.

नाना धुळ्यात एका छापखान्यात कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका जुळवायचे. वय पंचेचाळिशीच्या पुढे. मूळ गाव फैजपूरजवळ, केळीच्या पट्ट्यात. थोरले भाऊ तिकडे शेती बघत आणि हे शिक्षणासाठी म्हणून धुळ्याला आले ते तिथलेच झाले. सरांनी त्यांच्या हातची एक पत्रिका पाहिली होती. दोन्ही घराण्यांचे समस्त आप्त त्यांनी एका कागदावर बसवले होते आणि तरी तो कागद श्वास घेत होता. सरांनी त्यांना धुळ्यात एक गाळा भाड्यानं घेऊन दिला, एक कॉम्प्युटर, एक मोडेम. मुलीची शाळा अर्धवट सोडून जळगावला यायला नाना तयार नव्हते.

म्हणजे पान दिसायचं कसं ते नाना ठरवणार आणि पानामागचं यंत्र मी चालवणार. कागदावर हे फार सोपं वाटत होतं. पण दोघांनाही एकाच फाइलीत हात घालावा लागायचा. मी टोपलीचं गणित दुरुस्त करून फाइल चढवायची, तेवढ्यात नाना आपली रकाने सरळ केलेली फाइल तिच्यावर चढवायचे. माझं गणित गेलं. मी परत घालायची तेव्हा त्यांचे रकाने जायचे. फाइलींची नावं लांबत गेली: नवी, नवी दोन, शेवटची, खरी शेवटची. ताईंचा फोन सकाळी सकाळी यायचा, म्हणजे त्यांच्याकडे रात्र. "गेल्या आठवड्यात होतं तसं करून द्या ना." गेल्या आठवड्यात काय होतं हे कुणालाच सांगता यायचं नाही.

यावर सरांनी व्हर्जन कंट्रोलची एक सिस्टीम आणली. सगळ्या फाइली जळगावच्या एका कॉम्प्युटरवर राहणार. एखादी बदलायची तर ती आधी आपल्या नावावर काढून घ्यायची. काढली की तिला कुलूप. दुसऱ्याला ती वाचता येई, बदलता येत नसे. काम झालं की परत ठेवायची आणि काय बदललं ते दोन ओळींत लिहायचं. जुनं रूप आत तसंच राहायचं, केव्हाही बाहेर काढता यायचं. नाना धुळ्याहून फोनच्या लाईनवर जोडले जायचे, फाइल घ्यायचे, लाईन तोडायचे, काम करायचे, पुन्हा जोडून परत ठेवायचे.

वर्षभर ते बरं चाललं. बरं म्हणजे, भांडणं थांबली आणि वाट बघणं सुरू झालं. पहिलं पान नानांच्या नावावर असलं की मी बसून राहायची. मग फोन करायची. "नाना, पान सोडता का?" "अर्धा तास, ताई. मधला रकाना हलतोय." मलाही ते ताईच म्हणायचे. तो रकाना नेहमीच हलायचा. तेव्हा वेबपान म्हणजे तक्त्यात तक्ता, त्यात आणखी तक्ता. एक चौकोन रुंद झाला की बाकीचे सरकायचे. मोठ्या स्क्रीनवर शिस्तीत बसलेलं पान छोट्या स्क्रीनवर कोलमडायचं. एका ब्राउझरमध्ये सरळ, दुसऱ्यात तिरकं. नाना रकान्यांच्या मध्ये न दिसणारी छोटी चित्रं घालायचे, टेकू दिल्यासारखी, आणि पान सावरायचे. ताईंना ते कधीच पुरेसं वाटायचं नाही. मसाले वर घ्या. मसाले खाली घ्या. डावीकडची पट्टी उजवीकडे गेली तर कशी दिसेल? दिवाळीला पणत्या लावल्या, त्या संक्रांतीपर्यंत काढू दिल्या नाहीत.

त्या काळात मला फार थकल्यासारखं व्हायचं. तसं अंगमेहनतीचं काहीच नव्हतं. दिवसभर खुर्चीत बसून मी घरी यायची आणि आईनं वाढलेलं ताट पुढ्यात घेऊन तशीच बसायची. केलेलं काम संध्याकाळपर्यंत टिकत नाही, याचा तो थकवा होता.

मे संपता संपता ताईंनी आंब्याच्या रसाचे डबे पहिल्या पानावर, सगळ्यात वर मागितले. त्यांच्याकडच्या मंडळाचा मोठा कार्यक्रम होता, त्याच्या आधी पान हवं होतं. नानांनी पान आपल्या नावावर काढून घेतलं. दोन-तीन दिवस ते त्यावर बसले होते. मग एका संध्याकाळी वादळ झालं. जळगावात नुसती धूळ उडाली आणि आमच्या गच्चीवरचा पत्रा निघाला. यावल-रावेरकडे मात्र वाऱ्यानं केळीच्या बागा झोपवल्या, असं सकाळी चहाच्या टपरीवर कळलं.

त्या सकाळी नानांचा फोन लागला नाही. गाळ्याशेजारच्या दुकानदाराला लावला तर तो म्हणाला, नाना पहाटेच गावी गेले, गाळा बंद आहे. गावातल्या फोनच्या तारा पडल्या होत्या. आणि ताईंचे फोन सुरू झाले.

सर म्हणाले, "कुलूप तोड. तुला तोडता येतं ना?"

तोडता येत होतं. पण मग वादळाआधीचं जुनं पान हातात आलं असतं आणि नानांचं नवं काम धुळ्याच्या कॉम्प्युटरमध्ये अडकून पडलं असतं. ते मला पुन्हा जुळवता येणार नव्हतं. मला रकाने जमत नसत. गाळ्याची किल्ली नानांकडे, कॉम्प्युटरचा पासवर्डही त्यांच्याकडेच.

"मग जाऊन ये," सर म्हणाले. सर वाईट माणूस नव्हते. ताईंना दिवसातून कितीदा उत्तर द्यायचं, एवढीच त्यांची चिंता होती.

मी यावलची एसटी पकडली. तापी ओलांडेपर्यंत सगळं नेहमीसारखं होतं. मग रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळी दिसायला लागली आणि गाडीतली माणसं बोलायची थांबली. उभी असताना केळीची बाग आतून अंधारी, गार असते. आता नजर थेट सातपुड्यापर्यंत जात होती. खोडं एकाच दिशेला पडली होती, घड मातीत. बायका खिडकीला डोकं लावून बघत होत्या. मी बसमध्ये एक वाक्य जुळवत होते. नाना, वाईट झालं, पण जरा एक अडचण आहे. ते वाक्य यावलपर्यंत मला बरं वाटलं, फैजपूरच्या गाडीत बसल्यावर ते लाजिरवाणं वाटायला लागलं.

फैजपूरहून रिक्षानं त्यांच्या गावी गेले. घर विचारलं तर लोकांनी शेताकडे बोट दाखवलं. नाना बांधावर उभे होते, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. धुळ्याच्या गाळ्यात इस्त्रीच्या शर्टात बसणारे नाना मी ओळखत होते, हे वेगळेच होते. शेजारी त्यांचे थोरले भाऊ खाली बसले होते. तलाठी पंचनाम्याला येईपर्यंत कशाला हात लावायचा नाही म्हणून दोघंही नुसते बघत होते.

"ताई? तुम्ही इथं?"

"फोन लागत नव्हता," मी म्हणाले. बसमध्ये जुळवलेलं वाक्य तिथंच सोडून दिलं.

थोरले भाऊ उठायला लागले. "बसा माय. जयगाववरून आल्या? ऊन किती हाये." मग शेताकडे हात करून म्हणाले, "बठ्ठी केयी आडवी झाली."

मी मान हलवली. सगळी केळी आडवी झालेली समोर दिसतच होती. नानांनीच मला सोडवलं.

"पान अडकलं ना?"

"हो."

"मला रात्रीच आठवलं होतं. पण इथं आल्यावर राहून गेलं." त्यांनी खिशातून किल्ली काढून दिली. "पासवर्ड मुलीचं नाव, उलटं लिहून. डबे वरच्या ओळीत घेतलेत, डाव्या बाजूला. मधला रकाना अजून हलतो. छोट्या स्क्रीनवर खाली घसरतो. त्याच्या डाव्या अंगाला एक टेकू द्या, अगदी बारीक."

"काय हालते?" थोरल्या भावांनी विचारलं.

"दुकानाचं पान, आबा."

"कोणाचं दुकान?"

"अमेरिकेत आहे."

आबांनी पडलेल्या खोडांवरून नजर फिरवली. "तिकडे नाही ना आला वारा?"

"नाही," नाना म्हणाले आणि हसले. आबाही हसले. मला हसू आलं नाही, रडूही आलं नाही. उन्हात उभी राहून मला एवढंच वाटत होतं की कुठंतरी भिंतीला टेकून बसावं.

नानांच्या वहिनींनी मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. भाकरी, शेवभाजी, कांदा. घरात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं, पण पाहुणी आली म्हणून ताट नीट मांडलेलं होतं. निघताना वहिनींनी परसात पडलेल्या घडातली कच्ची केळी पिशवीत घातली. "पिकतीन घरी," म्हणाल्या. मला ती नाकारता आली नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुळ्याची गाडी. एरंडोल, पारोळा, नेहमीचा रस्ता. गाळा उघडला तर वीज नव्हती. समोरचा चहावाला ओरडला, "लाईट नही शे, ताई. दुपारले यी." मी पायरीवर बसून दुपारची वाट पाहिली. वीज आल्यावर नानांच्या खुर्चीत बसले. पडद्याच्या कडेला त्यांनी पेन्सिलीनं रेघा मारून ठेवल्या होत्या, छोट्या स्क्रीनची हद्द कुठे संपते ते कळायला. मी मधल्या रकान्याला टेकू दिला. तो थांबला. पान खरंच सुंदर झालं होतं. डबे एका ओळीत, मोकळे, बाजूला दोन आंबे. कुणीही टोपलीत टाकावेत असे.

लाईन जोडून पान परत ठेवलं, कुलूप निघालं, दुकानात चढवलं. दुसऱ्या दिवशी ताईंचा फोन आला. "छान झालंय हो. फक्त डबे उजवीकडे घेता येतील का?"

त्यानंतर मी सरांना म्हणाले, ही कुलपाची पद्धत मला नको. दुसरी एक सिस्टीम होती, फुकट मिळणारी, जिच्यात कुणी काही अडवून ठेवत नसे. दोघांनी एकाच वेळी तीच फाइल बदलावी, आणि परत ठेवताना सिस्टीमनं दोघांचे बदल एकत्र करावेत. सर तयार झाले. "पण आजची फाइल तेवढी घे. मागचं सगळं कशाला न्यायचं?"

"ताई मागचंच मागतात नेहमी."

"मग तुझ्या सवडीनं कर."

सवड कुठली? पावसाळाभर मी ते करत होते. जुन्या सिस्टीममधून प्रत्येक फाइलीचं प्रत्येक रूप क्रमानं बाहेर काढायचं, नवीत घालायचं, कुणी कधी बदललं ते जोडायचं. नाही जोडलं तर सगळा इतिहास त्याच दिवशी आणि माझ्याच हातून घडल्यासारखा दिसायचा. मध्येच वीज गेली की अर्धं आत, अर्धं बाहेर, पुन्हा पहिल्यापासून. शिवाय काय बदललं त्याच्या दोन ओळी नाना छापखान्याच्या मराठी फॉन्टमध्ये लिहायचे. नव्या सिस्टीममध्ये त्यांचा नुसता चिखल झाला, इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. मी एका पडद्यावर जुनं उघडून वाचायची आणि रोमन अक्षरांत पुन्हा लिहायची. डावा रकाना बारीक केला. पणत्या काढल्या. पणत्या परत लावल्या, ताईंचा आग्रह. कधी कधी वाटायचं, सरांचं बरोबर होतं. आजचं घ्यावं, मागचं सोडून द्यावं. पण एकदा निम्म्यात आल्यावर सोडणंही तेवढंच जड झालं होतं.

नाना तोवर धुळ्याला परतले होते, पण आठवड्यातले निम्मे दिवस गावी असायचे. नवी पद्धत मी त्यांना फोनवर समजावली.

"कुलूप असलं की कळायचं, ताई. तिकडं कुणीतरी बसलंय, काम चाललंय. आता कसं कळणार?"

"परत ठेवताना कळेल ना."

"तेव्हा कळून काय?"

मी पुढची पायरी सांगायला लागले.

पहिल्याच महिन्यात व्हायचं ते झालं. आम्ही दोघांनी एकच ओळ बदलली, मी किंमत आणि त्यांनी तिची जागा. सिस्टीमला ते जुळवता आलं नाही, म्हणून तिनं दोन्ही ओळी एकाखाली एक लिहून मध्ये बाणांची रांग घातली आणि निर्णय माणसावर सोडला. नानांना ते कळलं नाही, त्यांनी पान तसंच चढवलं. अमेरिकेत लोणच्याच्या बरणीखाली दिवसभर बाण दिसत राहिले. ताई चिडल्या, सर चिडले. नानांचा फोन आला तेव्हा मीही चिडायच्या तयारीत होते.

"ताई," ते म्हणाले, "तुमचं आणि माझं दोन्ही दिसतंय दुकानात. कुणाचं ठेवायचं?"

ते इतक्या साधेपणानं विचारत होते की माझा राग ओसरला. "तुमची जागा, माझी किंमत," मी म्हणाले. पुढे आम्ही असंच ठरवत गेलो, फोनवरून, ओळीमागून ओळ. सिस्टीम कुणाला थांबवत नव्हती, पण आम्ही एकमेकांना विचारायचं सोडलं नाही. आता कुलूप नसूनही मी बसून वाट बघायची, त्यांनी हो म्हणेपर्यंत.

दिवाळीनंतर ताईंनी कळवलं की तिकडे आता तयार दुकान मिळतं. चार-सहा नमुन्यांतून एक पान निवडायचं, रंग निवडायचा, माल भरायचा. रकाने, टेकू, काही लागत नाही. त्या कृतज्ञ होत्या, खूप छान बोलल्या, सरांना भेटवस्तूही पाठवली. आणि काम संपलं. मी जमवलेला सगळा इतिहास जळगावच्या कॉम्प्युटरमध्ये होता तसा राहिला. तो कुणी मागितला नाही. पुढे त्या डिस्कवर पतसंस्थेचा प्रोग्रॅम चढला.

धुळ्याचा गाळा रिकामा करायला मी गेले होते. सरांनी कॉम्प्युटर आणायला टेम्पो पाठवला होता. तो भरून पुढे गेला. नाना आणि मी स्टँडपर्यंत चालत आलो. ते आता गावीच राहणार होते. आबांनी पुन्हा केळी लावली होती आणि हाताखाली माणूस हवा होता.

"मुलीची शाळा?" मी विचारलं.

"दहावीपर्यंत ती आईबरोबर इथंच, मग तिकडे येईल. फैजपूरला कॉलेज आहे." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "थकलात, ताई."

"तुम्ही पण."

"मी थकलो, पण घरी चाललोय. तुम्ही काय करणार?"

"सरांकडची नोकरी सोडतेय. कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायला बोलावलंय. सोमवारपासून."

"सोमवारपासून कशाला? आठवडाभर झोपा की आधी."

मी हसले. त्यांची गाडी लागली. चढताना त्यांनी पिशवी माझ्याकडे दिली, दोन्ही हातांनी दांडा धरून पायरी चढले, मग पिशवी घेतली. खिडकीतून काही बोलले, ते इंजिनाच्या आवाजात कळलं नाही. मी हात केला.

माझी जळगावची गाडी बऱ्याच वेळानं आली. खिडकीची जागा मिळाली. पारोळा केव्हा गेलं, एरंडोल केव्हा गेलं, मला पत्ता नाही. जळगावच्या स्टँडवर कंडक्टरनं खांद्याला हात लावून उठवलं तेव्हा गाडी रिकामी झाली होती.